पहिलीची पोरं, दहावीचा वर्ग की नोकरी करणारी माणसं? इंग्रजी शिकवायला खरी मजा येते ती कोणत्या वयात?

इंग्रजी शिकवणाऱ्या चार जणांना एकत्र बसवा आणि विचारा, कोणत्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवायला सगळ्यात जास्त मजा येते? चार वेगळी उत्तरं येतील. बालवाडीच्या ताई म्हणतील, "आमची पिल्लं." हायस्कूलचे सर म्हणतील, "पाचवी-सहावी. पुढे पोरं बोलायची बंद होतात." बारावीचे क्लास घेणारे म्हणतील, "निदान विषयावर बोलता तरी येतं." आणि स्पोकन इंग्लिशची संध्याकाळची बॅच घेणारा म्हणेल, "एकदा मोठ्या माणसांना शिकवून बघा, मग सांगा."

प्रश्न गप्पांमधला वाटतो. पण त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा आहे आणि तो थेट तुमच्या घरातल्या मुलाशी जोडलेला आहे. इंग्रजी नेमकी कोणत्या वयात चांगली शिकता येते? शिकवणाऱ्याला मजा कधी येते, तर समोरचा शिकतोय हे डोळ्यांना दिसतं तेव्हा. त्यामुळे ही दोन उत्तरं एकमेकांच्या बरीच जवळ असतात. बरीच, पूर्ण नाही. गंमत तिथेच आहे.

"लहानपणी लवकर येते" हे अर्धंच खरं

महाराष्ट्रात इंग्रजी सुरू करण्याचं वय सारखं खाली येत गेलंय. आजोबांच्या पिढीतले कित्येक जण आठवीत पहिल्यांदा ए, बी, सी, डी शिकले. त्यानंतरच्या पिढीचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं. मग 2000 साली, प्राध्यापक रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यावरून तेव्हा भरपूर वाद झाला. विचार मात्र साधा होता: लहान मूल भाषा लवकर उचलतं, तर उशीर कशाला?

या विचाराला शास्त्राचा आधारही होता. एरिक लेनेबर्ग यांनी 1967 मध्ये असं मांडलं की भाषा शिकण्यासाठी मेंदूला एक ठरावीक काळ मिळतो आणि वयात येताना तो संपत जातो. पण नेदरलँड्समध्ये एक अभ्यास झाला आणि चित्र गुंतागुंतीचं निघालं. कॅथरीन स्नो आणि मरियान हूफनागल-होले या दोघींनी त्या देशात राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचं डच कसं सुधारतं ते पाहिलं. त्यात तीन वर्षांच्या मुलांपासून मोठ्या माणसांपर्यंत सगळे होते. हा अभ्यास 1978 मध्ये छापून आला. सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात पुढे कोण होतं? बारा ते पंधरा वर्षांची मुलं आणि मोठी माणसं. वर्षाच्या शेवटी आठ ते दहाची मुलंही वर आली. आणि सगळ्यात मागे राहिली ती तीन ते पाच वर्षांची पोरं, म्हणजे ज्यांच्याबद्दल आपण "स्पंजासारखं शोषून घेतात" म्हणतो तीच.

स्पेनमधली गोष्ट तर आपल्याशी फारच मिळतीजुळती आहे. तिथे शाळेत इंग्रजी सुरू करण्याचं वय अकरावरून आठवर आणलं गेलं. बार्सिलोनातल्या कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या आणि नव्या पद्धतीच्या मुलांची तुलना केली. दोघांना तास सारखेच मिळाले होते. तरी अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं आठव्या वर्षी सुरू केलेल्यांच्या पुढे निघाली.

मग लहान मुलं भाषा लवकर शिकतात हे खोटं? नाही. ती शिकतात, पण त्यासाठी त्यांना भाषेचा पाऊस लागतो, शिंतोडे पुरत नाहीत. हिशेब करून बघा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 कामाचे दिवस सांगितले आहेत. रोज चाळीस मिनिटांचा एक तास धरला, तर वर्षाला साधारण 133 तास होतात. घरात दिवसाचे दहा तास मातृभाषा कानावर पडणारं मूल एवढं ऐकणं दोन आठवड्यांत उरकतं. लंडनला गेलेल्या मराठी कुटुंबातली चार वर्षांची मुलगी दोन वर्षांत आईबाबांच्या उच्चारांच्या चुका काढायला लागते, ती या पावसामुळे. चंदगडच्या शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलाला तो पाऊस मिळत नाही. यात त्याचा दोष नाही आणि त्याच्या बाईंचाही नाही.

म्हणूनच पहिली-दुसरीला शिकवण्यात मजा असते, पण ती जरा वेगळ्या जातीची. "स्टँड अप" म्हटलं की चाळीस पोरं उभी. "टच युअर नोज" म्हटलं की दहा जणांची बोटं शेजाऱ्याच्या नाकावर. आधी हालचाल आणि मग बोलणं या पद्धतीचा अमेरिकेत जेम्स ॲशर यांनी पुरस्कार केला. या वयाला ती छान मानवते, कारण इथे मुलांना कळतं खूप आणि बोलता येतं कमी. गाणी, टाळ्या, चित्रं, पुन्हा गाणी. लाज नावाचा प्रकार नाही. उच्चार कानावर पडेल तसा उचलतात, त्यामुळे शिक्षकाचा उच्चार चांगला असेल तर हेच वय सोन्याचं. पण तासाच्या शेवटी बाईंचा घसा बसलेला असतो, सोमवारी शिकवलेलं गुरुवारी गायब असतं, आणि "आज मुलं काय शिकली?" याचं उत्तर देणं अवघड जातं. मजा आली ती मुलांची आली, इंग्रजीची कमीच.

नऊ ते बारा: जिथे "का?" सुरू होतं

चौथी ते सातवीचं हे वय. बाजी इथेच मारली जाते आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं म्हणजे या वयात मुलाचं मराठी वाचन पक्कं झालेलं असतं. लिपी ही काय भानगड असते हे त्याला ठाऊक असतं. "क" दिसला की "क"च म्हणायचा, याची त्याला सवय झालेली असते. आणि मग समोर इंग्रजी येते. "कॅट"मधला सी आणि "सिटी"मधला सी एकच! पी यू टी "पुट", मग बी यू टी "बट" का? 1975 च्या "चुपके चुपके"मध्ये धर्मेंद्रने याच प्रश्नावरून सगळ्यांना हसवलं होतं. पाचवीतलं पोर तो सिनेमा न बघताही हाच प्रश्न विचारतं. पहिलीतलं मूल असं विचारत नाही, त्याला विसंगती दिसतच नाही. दहावीतलंही विचारत नाही, ते पाठ करून मोकळं होतं. दहा वर्षांचं मूल मात्र चिडतं, हसतं आणि भांडतं. शिक्षकाला याहून जास्त काय हवं असतं?

"नाइफ"मध्ये के कशाला, या प्रश्नाला तर चक्क उत्तर आहे. पूर्वी इंग्रज लोक तो के म्हणायचे. शब्दाचा उच्चार "क्न" असा सुरू व्हायचा. पुढे जिभेला कंटाळा आला, उच्चार गेला, स्पेलिंग राहिलं. हे सांगितलं की वर्गात दिवसभर "क्नाइफ, क्नाइफ" चालू राहतं. पण त्या वर्गातलं एकही पोर तो के पुन्हा विसरत नाही.

दुसरं कारण व्याकरणाचं आहे, आणि इथे मराठी मुलांच्या हातात एक हुकमी पत्ता असतो. मराठीत तो जातो, ती जाते, ते जातात, तू जातोस, तू जातेस. इंग्रजीत? गो आणि गोज. संपलं. आपण किती अवघड भाषा आधीच बोलतो हे दहा वर्षांच्या मुलाला कळलं की त्याची छाती फुगते. तसंच लिंगाचं. खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. इंग्रजीत तिघांनाही "इट". सहा वर्षांच्या मुलाला ही तुलना सांगून उपयोग नाही. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण सातव्या वर्षापासून मूल डोळ्यासमोरच्या गोष्टींबद्दल तर्क करू लागतं आणि अकरा-बाराच्या सुमाराला अमूर्त विचार करू लागतं. नऊ ते बारा म्हणजे नेमका हा उंबरठा. खेळ सुटलेला नाही आणि तर्क आलेला आहे.

अर्थात सगळंच सोपं नाही. "अ", "ॲन" आणि "द" यांना मराठीत जोडच नाही, त्यामुळे ते कुठे लावायचे हे कोडं पुढे कॉलेजपर्यंत सुटत नाही. आपण "टेबलावर" म्हणतो, इंग्रजीत "वर" आधी येतं आणि टेबल नंतर. क्रियापद आपल्याकडे शेवटी, त्यांच्याकडे मधे. पण हेही या वयात खेळून शिकवता येतं. पाच मुलांच्या हातात पाच शब्दांच्या पाट्या द्यायच्या आणि आधी मराठीच्या क्रमाने उभं करायचं. मग शिक्षकाने "इंग्रजी!" म्हणायचं. क्रियापदवाला धावत मधे घुसतो, ढकलाढकली होते, वाक्य तयार होतं. ही ढकलाढकली नववीत करून बघा. सगळे भिंतीला टेकून उभे राहतील.

तिसरं कारण कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. या वयाच्या मुलाकडे शेकडो इंग्रजी शब्द आधीच असतात, फक्त त्याला ते इंग्रजी आहेत हे माहीत नसतं. वाईड, नो बॉल, रन आऊट, ओव्हर, कॅच. मोबाईल, चार्जर, रिचार्ज, स्क्रीन. बस, तिकीट, स्टँड, गेट. एक टप्पी आऊटचे नियम ठरवताना जेवढं इंग्रजी गल्लीत वापरलं जातं, तेवढं कधीकधी वर्गात वापरलं जात नाही. कुणी शिक्षक पहिल्याच आठवड्यात सांगतो, "घरातून इंग्रजी शब्द गोळा करून आणा, बिस्किटाच्या पुड्यावरून, शाम्पूच्या पाकिटावरून, ट्रॅक्टरवरून." मुलं वह्या भरून आणतात. त्या दिवसापासून भाषा परकी राहत नाही.

आणि वीस प्रश्नांचा खेळ. एकाने मनात वस्तू धरायची, बाकीच्यांनी विचारायचं. "इज इट बिग?" "इज इट इन द क्लासरूम?" "कॅन वुई ईट इट?" प्रश्नार्थक वाक्याची रचना फळ्यावर आठवडाभर शिकवून जेवढी बसत नाही तेवढी अर्ध्या तासात बसते, कारण इथे जिंकायचं असतं. दहा वर्षांच्या पोराला जिंकण्यापुढे व्याकरणाची चूक ही फारच क्षुल्लक गोष्ट वाटते.

मग आठवीत असं काय होतं?

तोच मुलगा. तीच मुलगी. दोन वर्षांपूर्वी "सर, मी सांगतो, मी सांगतो" म्हणून बाकावर चढणारा आता मान खाली घालून बसलेला असतो. विचारलं तर "येत नाही सर".

येत नाही असं नसतं. नेदरलँड्सच्या अभ्यासात सगळ्यात वेगाने शिकलेल्यांत बारा ते पंधराच्या वयोगटातली मुलं होती, हे लक्षात घ्या. 2018 मध्ये हार्टशोर्न, टेनेनबॉम आणि पिंकर या संशोधकांनी ऑनलाइन चाचणी दिलेल्या सुमारे 6 लाख 70 हजार लोकांची माहिती तपासली. त्यांचा निष्कर्ष असा की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत चांगली टिकून असते. म्हणजे आठवी-नववीच्या मुलाचा मेंदू तयारच असतो. अडतं ते आजूबाजूच्या चाळीस जोडी डोळ्यांपाशी. चुकलो तर हसतील, बरोबर आलं तर "लई शहाणा" म्हणतील. दोन्हीकडून मार. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांनी भीती आणि संकोच यांच्या या पडद्याबद्दल लिहिलंय. शिकवलेलं कानापर्यंत पोहोचतं, पण आत उतरत नाही.

त्यात दहावीचं वर्ष जवळ येतं आणि इंग्रजी ही भाषा न राहता गुणांची वाटणी होते. पत्र कसं लिहायचं, उताऱ्यावरचे प्रश्न कसे सोडवायचे. वर्गात बोलण्याला जागाच उरत नाही, कारण बोलून मार्क वाढत नाहीत असा हिशेब पक्का झालेला असतो.

तरीही या वयाचे चाहते शिक्षक असतात आणि त्यांचं म्हणणं टाकण्यासारखं नाही. सोळाव्या वर्षी माणसाला मत असतं. रील्स, क्रिकेट, घरातली भांडणं, कोणता फोन भारी, अशा विषयावर एकदा गाडी सुटली की "आय डोन्ट ॲग्री" हे वाक्य असं बाहेर पडतं की शिक्षकाचा दिवस सार्थकी लागतो. पण असे दिवस मोजके असतात. पडदा एकेका मुलामागे जाऊन बाजूला करावा लागतो आणि साठ जणांच्या वर्गात त्याला वेळ कुठून आणायचा?

संध्याकाळची बॅच

आता मोठी माणसं. इथे मजा निराळीच असते, आणि नऊ ते बाराच्या वयोगटाला खरी टक्कर हीच मंडळी देतात.

"इंग्लिश विंग्लिश" आठवत असेल. 2012 सालच्या गौरी शिंदेंच्या या सिनेमात श्रीदेवीने रंगवलेली शशी गोडबोले पुण्यात घरून लाडू करून विकते, न्यूयॉर्कला गेल्यावर गुपचूप इंग्रजीचा चार आठवड्यांचा क्लास लावते. सिनेमा म्हणून सोडून द्या, पण त्या वर्गातलं वातावरण खरं आहे. तिथे बसलेल्या प्रत्येकाला इंग्रजी कशासाठी हवी ते नेमकं ठाऊक असतं.

आपल्याकडच्या बॅचमध्येही तसंच. एकाला कंपनीत मीटिंगमध्ये तोंड उघडायचंय. एकीला मुलीच्या शाळेत पालकसभेला गप्प बसायचं नाहीये. इन्शुरन्स विकणारा असतो, नर्स असते, स्पर्धा परीक्षेची मुलाखत डोळ्यासमोर असलेला असतो. आणि निवृत्त झालेले काका असतात, ज्यांची नात अमेरिकेत आहे आणि फोनवर भराभर इंग्रजी बोलते. कपिल देवच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोहोचलेलं रॅपिडेक्सचं पुस्तक किंवा आजोबांच्या कपाटातली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांनी आधी एकदा प्रयत्न केलेला असतो. पुस्तकाने वाचता येतं, बोलायला समोर माणूस लागतो.

मोठ्यांना शिकवताना दोन अडचणी हटकून येतात. एक, डोक्यात आधी मराठी वाक्य बनतं आणि मग त्याचं भाषांतर सुरू होतं, तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. दोन, "आधी ग्रामर पक्कं करा, मग बोलतो" हा हट्ट. पोहायला शिकल्यावर पाण्यात उतरीन म्हणण्यासारखं आहे ते. पण यातून एकदा वाट निघाली की मिळणारं समाधान मुलांच्या वर्गात मिळत नाही. काल शिकलेलं वाक्य माणूस आज ऑफिसात वापरतो आणि संध्याकाळी येऊन सांगतो, "सर, आज क्लायंटशी मीच बोललो." सहावीतला मुलगा असं काही सांगत नाही. त्याच्या इंग्रजीचं फळ दिसायला दहा वर्षं जातात आणि तोवर शिक्षक त्याच्या आयुष्यात नसतात.

मग मोठ्यांचा नंबर दुसरा का? कारण बॅच टिकत नाही. पहिल्या आठवड्यात पंचवीस जण असतात, मग ओव्हरटाइम, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, आणि महिन्याने सात-आठ उरतात. दिवसभर राबून आलेल्या माणसाचं लक्ष साडेआठनंतर घड्याळाकडेच असतं. उच्चारांच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. आणि एका माणसाने मनात वीस वर्षं बाळगलेली लाज उतरवायलाच अर्धा कोर्स संपतो. ती लाज बहुतेक वेळा आठवीत कधीतरी बसलेली असते.

मधल्या वर्गांचं काय होतं?

पहिलीपासून कोणत्या भाषा शिकवाव्यात हा वाद महाराष्ट्राने 2025 मध्ये पुन्हा बघितला. तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय आले, गदारोळ झाला आणि 29 जून 2025 रोजी ते रद्द करण्याची घोषणा झाली. त्या सगळ्या चर्चेत कोणती भाषा आणि कितवीपासून, हे दोनच मुद्दे गाजले. दहाव्या वर्षी वर्गात नेमकं काय चालतं, याकडे फार कमी लोकांनी पाहिलं.

गावाकडे बघा. कित्येक ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत असते. पाचवीला मूल शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कूलला जातं. शिक्षक बदलतात, मित्र बदलतात, एसटीचा नाहीतर सायकलचा प्रवास सुरू होतो, आणि हे सगळं होतं ते नेमकं या मजेच्या वयाच्या मध्यावर. हायस्कूलला जूनमध्ये तासिकांचं वाटप होतं तेव्हा दहावीचं इंग्रजी सगळ्यात अनुभवी शिक्षकाला जातं, कारण शाळेचा निकाल तिथे लागतो. पाचवी-सहावीचं इंग्रजी बऱ्याचदा ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतं, मग त्याचा मूळ विषय इतिहास असो की शारीरिक शिक्षण. तो बिचारा धड्याचा मराठी अर्थ सांगतो, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतो आणि दहा स्पेलिंगं पाठ करायला सांगतो.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, नाइफमध्ये के कशाला?" आणि सर म्हणतात, "तसंच असतं, लिहून घे."